इंग्रजी पाइप आणि आजीचा अडकित्ता

छंदाला मोल नसते असे आपण म्हणतो. पण समाज प्रत्येक छंदाचे मोल मनाशी ठरवीतच असतो. पोस्टाची तिकिटे जमविणारा मुलगा हुशार ठरतो. जुनी नाणी जमविणारा विद्वान ठरतो. पुस्तके जमविणारा घरच्यांच्या लेखी अव्यवहारी असला, तरी बाहेर त्याला मान असतो. मग कोणी तंबाखू ओढण्याचे जुने इंग्रजी पाइप जमवितो असे कळले, तर त्याला काय म्हणावे? आणि तोही तंबाखूला बोट न लावणारा असेल तर?

पहिला उद्गार 'रिकामपणाचे उद्योग' असा निघेल. दुसरा, 'साहेब गेला, पण साहेबाच्या उष्ट्याची गोडी गेली नाही', असा. तिसरा उद्गार अधिक गंभीर असेल : 'व्यसनाच्या साधनांची ही कसली पूजा?' हे तिन्ही आक्षेप हसून सोडून देण्यासारखे नाहीत. त्यांचा विचार पुढे करूच. पण आधी हा छंद म्हणजे नेमके काय, हे पाहू. कारण माझे मत असे आहे की, बीड जिल्ह्यातल्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना त्या पाइपांची गरज मुळीच नसली, तरी पाइप जमविणाऱ्यांच्या शिस्तीची गरज फार मोठी आहे. आणि ती शिस्त आपण आज उचलली नाही, तर आपल्या आजीच्या चंचीतला अडकित्ता मुकाच मोडीत जाणार आहे.

पाइप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नाटक-सिनेमातला नायिकेचा श्रीमंत बाप येतो. अंगात रेशमी गाऊन, हातात पाइप आणि तोंडी 'दॅट इज इम्पॉसिबल!' किंवा शेरलॉक होम्स येतो. गंमत अशी की, होम्सच्या चित्रांत जो मोठा, बाकदार, भोपळ्याचा पाइप हटकून दिसतो, तो कॉनन डॉयलच्या कथांत कोठेच नाही. कथांतला होम्स मातीचा, ब्रायरचा, चेरीच्या लाकडाचा पाइप ओढतो. विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने होम्सच्या भूमिकेत बाकदार पाइप वापरला, आणि पुढे नाटक-चित्रपटांनी त्याचा भोपळा केला. एखाद्या वस्तूची नोंद नीट ठेवली नाही, तर तिची जागा दंतकथा कशी घेते, याचे हे एक साधे उदाहरण आहे.

आता ब्रायर म्हणजे काय? भूमध्य समुद्राच्या आसपासच्या कोरड्या डोंगरउतारांवर एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते. मूळ आणि खोड यांच्या सांध्यात, जमिनीच्या पातळीला, त्याला एक गाठ धरते. ही गाठ घट्ट, कठीण आणि उष्णतेला सहजी दाद न देणारी असते. ती खणून काढतात, तिचे ठोकळे पाडतात, ते तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने वाळू देतात आणि मग त्यातून पाइप कोरतात. फ्रेंच लोक त्या झुडपाला ब्रुयेर म्हणतात. त्याचाच इंग्रजांच्या तोंडी ब्रायर झाला. त्यापूर्वी युरोपात मातीचे पाइप होते. ते स्वस्त, पण हातातून पडले की फुटत. मीरशॉम नावाच्या पांढऱ्या, हलक्या खनिजाचेही होते. ते महाग आणि नाजूक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील ज्युरा डोंगरातल्या सेंट क्लॉड या गावी ब्रायरचे पाइप बनू लागले. लाकूडकामात आधीच तरबेज असलेले ते गाव पाइपांचे गाव बनले.

तेथून ही विद्या लंडनला गेली. बार्लिंग हे घराणे मूळचे चांदीकाम करणारे. ते आपला आरंभ १८१२ चा सांगत. फ्रेडरिक चॅरटन हा रशियातून आलेला कारागीर. त्याने १८६३ मध्ये लंडनला काम सुरू केले. आन्री कॉमॉय सेंट क्लॉडहून १८७९ मध्ये लंडनला आला. आल्फ्रेड डनहिलने १९०७ मध्ये ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान काढले आणि १९१० मध्ये स्वतःचे पाइप बनविण्यास आरंभ केला. म्हणजे ज्याला आपण 'अस्सल इंग्रजी' पाइप म्हणतो, त्याचे लाकूड भूमध्य समुद्राकाठचे, कला फ्रेंचांची, कित्येक हात परदेशातून आलेल्यांचे, तोंडात धरायचा काळा तुकडा उष्ण प्रदेशातून आणलेल्या रबरात गंधक मिसळून केलेला, आणि आत भरायची तंबाखू मूळची अमेरिकेची. मग त्यात इंग्रजी ते काय राहिले? माझ्या मते त्यात खरी इंग्रजी गोष्ट एकच : त्यावरचा शिक्का.

पाइप जमविणारा माणूस पाइप हाती आला की तो आधी तोंडाकडे नेत नाही, भिंगाखाली नेतो. दांड्याला चांदीची कडी असेल तर तिच्यावर बारीक खुणा असतात. चालता सिंह असेल तर चांदी ठरल्या कसाची, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध. चित्त्याचे मुख असेल तर ती लंडनला तपासली गेली. जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमला. शेजारी एक अक्षर असते. हे अक्षर दरवर्षी बदलत असल्यामुळे ती कडी कोणत्या वर्षी तपासली गेली, ते कळते. आणि कारागिराची आद्याक्षरे असतात ती वेगळीच. लंडनमध्ये चांदीवर वर्षाचे अक्षर मारण्याची ही पद्धत १४७८ पासूनची आहे. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेचा शिक्का टप्प्याटप्प्याने सक्तीचा होऊ लागला तो २०२१ मध्ये, हे येथे सहज आठवावे.

डनहिलची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्याच्या पाइपच्या काळ्या मुखनळीवर एक पांढरा ठिपका असतो. तो १९१५ पासूनचा. आज तो ठिपका श्रीमंतीची खूण झाला आहे. पण तो मारला होता तो मुखनळीची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे ओढणाऱ्याला कळावे म्हणून! तसेच या कंपनीच्या पाइपवर पुढे वर्ष दाखविणारा लहानसा आकडा येऊ लागला. पाइप ठरावीक मुदतीत जळून भोक पडले तर बदलून देण्याची हमी होती. ती मुदत मोजायला आकडा हवा होता. व्यापाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी मारलेला तो आकडा आज अभ्यासकाच्या हाती पुरावा म्हणून येतो. त्यावरून पाइप कोणत्या वर्षाचा, मग त्या वर्षी कारखाना कोठे होता, लाकूड कोठून येत होते, युद्ध चालू होते की संपले होते, असा धागा निघत जातो.

म्हणूनच या छंदातल्या जाणत्या मंडळींचा एक कडक दंडक आहे : पाइप स्वच्छ करा, पण घासून शिक्का पुसू नका. मुखनळीचे रबर उजेडाने हिरवट-तपकिरी पडते. ते उजळवताना हात जरा जास्त चालला तर खुणा जातात, आणि खुणा गेल्या की उरतो तो एक लाकडी तुकडा. चकाकी वाढते आणि ज्ञान नाहीसे होते. हा दंडक मला फार मोलाचा वाटतो. संग्रह म्हणजे वस्तूंचा ढीग नव्हे. वस्तू आणि तिच्याविषयीची माहिती यांची जोडी म्हणजे संग्रह. जोडीतले एक गेले की दुसरे पोरके होते.

येथे वाचक म्हणेल, 'लंडनचे पुराण पुरे, आपल्या बीडचे काय?' तर बीडकडेच वळू.

तंबाखू आपल्या दख्खनला परकी असली तरी फार जुनी परकी आहे. पोर्तुगिजांच्या मार्गाने ती आली आणि उत्तरेच्या बादशहापर्यंत पोहोचली ती आपल्या बाजूने. अकबराचा असद बेग हा सरदार विजापूरच्या आदिलशाही दरबाराहून परतताना, १६०४ च्या सुमारास, तंबाखू घेऊन आग्र्याला गेला. ती ओढण्याचे त्याने केलेले साधनही त्याने वर्णून ठेवले आहे : आचीनहून आलेली तीन हात लांब नळी, तिच्या टोकांना जडावाचे काम, तोंडाला येमेनी अकीक दगडाची मुखनळी, जाळायला सोन्याचे पात्र. आदिलशहाने दिलेल्या पानाच्या सुरेख पिशवीत त्याने तंबाखू भरली होती. ही पिशवी म्हणजे आपल्या चंचीची राजघराण्यातली बहीणच! बादशहाने एक-दोन झुरके घेतले. हकिमाने मात्र विरोध केला. पुढे जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूबंदीचा हुकूम काढला. हुकूम कागदावर राहिला आणि धूर वर गेला. बंदी घालणारे हरतात आणि तंबाखू जिंकते, ही कथा आजची नाही.

इंग्रज आपल्या देशात आला तेव्हा तो पाइप घेऊनच आला असे समजू नका. अठराव्या शतकातला इंग्रज साहेब येथे हुक्का ओढीत होता. त्यासाठी हुक्काबरदार नावाचा स्वतंत्र नोकर ठेवीत होता. आपल्या शेजारच्या बिदरला हुक्क्याचे जे तळभांडे घडे, त्याला तोड नव्हती. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले पात्र, त्यावर कोरून बसविलेली चांदीची वेलबुट्टी, आणि किल्ल्यातली माती व नवसागर लावून आणलेला गडद काळा रंग. त्या काळ्यावर चांदी अशी उठून दिसे की पाहत राहावे. एकोणिसावे शतक पुढे सरकले तसा साहेबाने हुक्का सोडला, चिरूट आणि पाइप धरला. आज बिदरी हुक्क्यांचे उत्तम नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत. म्हणजे तिकडच्यांनी आपला हुक्का जपला, तो त्यांच्या गुलामगिरीचा अवशेष म्हणून नव्हे. ती एक उत्तम वस्तू होती म्हणून.

आपले अंबाजोगाई म्हणजे निजामी अमदानीतले मोमिनाबाद. तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. त्या छावणीत इंग्रज अधिकारी होते. ब्रायरच्या पाइपची जी उमेदीची वर्षे, तीच त्या छावणीचीही. तेव्हा आपल्या बालाघाटाच्या वाऱ्यावर ब्रायरच्या पाइपचा धूर कधीच गेला नसेल, असे मानणे कठीण आहे. अधिकारी गेले, छावणी गेली. त्यांनी मागे काय टाकले, कोणी काय उचलले, याची नोंद करण्याचे काम मात्र आपल्याकडे कोणाला सुचले नाही.

पण साहेबाच्या वस्तूंचे राहू द्या. आपल्या स्वतःच्या वस्तूंचे काय झाले? चिलीम घ्या. मातीची ती साधी नळी. पण तिच्यातही कारागिरी आहे. तंबाखू खाली घसरू नये म्हणून तिच्या आत एक खडा टाकतात. त्याला चुगल असे नाव आहे. ओढताना तोंडापाशी ओले फडके गुंडाळतात, ती छापी. धूर त्या ओल्या फडक्यातून गाळून, गार होऊन येतो. धूर गार करावा आणि तोंडात राख येऊ नये, हीच तर लंडनच्या कारागिरांचीही चिंता होती. त्यासाठी त्यांनी पेटंटे घेतली. आपल्याकडे हे काम खडा आणि फडके यांनी केले, आणि पेटंट कोणाचेच नाही. आता 'चुगल' आणि 'छापी' हे शब्द आपल्या वर्गात किती जणांना ठाऊक आहेत, हे ज्याचे त्याने पाहावे. गुडगुडी, नेचा, गुल, चकमक, चुनाळे, तपकिरीची डबी ही सारी शब्दसंपत्ती वस्तूंबरोबर जात आहे. वस्तू मोडीत जाते तेव्हा दुकानदार पितळेचे वजन करतो. शब्दाचे वजन कोणी करीत नाही.

चंची घ्या. कापडाची, गुंडाळी करून दोरीने बांधायची, आत खण. एका खणात पाने, एकात सुपारी, एकात तंबाखू, एकात चुन्याची डबी. कोणा बाईने जुन्या लुगड्याच्या काठाने ती शिवलेली असे. अडकित्ता घ्या. पाते लोखंडाचे, अंग पितळेचे. कोठे पोपट, कोठे मोर, कोठे घोडा. एका दाबात सुपारीची खांडे पाडणारे ते एक साधे यंत्र. सोयरीक ठरविताना तो हातात असे, भाऊबंदकीचा तंटा मिटविताना असे, आणि मयताच्या घरी बसलेल्या म्हाताऱ्यांच्या हातातही असे. आमच्या ग्रामीण समाजाचा निम्मा कारभार अडकित्त्याच्या आवाजावर चालला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. लंडनचा पाइप बोलतो. त्याचे नाव, गाव, वर्ष, कूळ त्याच्या अंगावर कोरलेले आहे. तो कोणाच्याही हाती पडला, कितीही हात बदलून आला, तरी भिंग लावताच तो आपली हकिकत सांगतो. आपला अडकित्ता बोलत नाही. तो घडविणाऱ्या लोहाराने, ओतणाऱ्या कारागिराने त्यावर आपले नाव घातले नाही. तो कोणत्या बाजारातून आणला, किती साली, कोणाच्या लग्नात आला, हे त्याच्या अंगावर कोठेच नाही. ते आहे फक्त आजीच्या तोंडी. आजी आहे तोवर अडकित्त्याला इतिहास आहे. आजी गेली की त्याच क्षणी तो पावशेर पितळ होतो. म्हणून इंग्रजी पाइपचा अभ्यास पन्नास वर्षांनी केला तरी चालेल. आजीच्या अडकित्त्याचा अभ्यास पुढल्या वर्षीपर्यंत थांबू शकेलच असे नाही.

लेखनाने वस्तू कशी तरते, याचा दाखला शोधायला आपल्याला लंडनला जाण्याचे कारण नाही. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे वस्त्र. त्या काळी घरोघर पासोड्या होत्या. त्या फाटल्या, पोतेरी झाल्या, मातीला मिळाल्या. ही एक उरली. का? तर सोळाव्या-सतराव्या शतकातल्या त्या संतकवीने सुमारे चाळीस फूट लांबीच्या त्या कापडावर पंचीकरणाचा विषय लिहिला. कापड तेच, पण अक्षर पडले आणि ते अमर झाले. या उदाहरणात भक्तीचा वाटा मोठा आहे, हे खरेच. पण अक्षराचा वाटाही विसरता येत नाही. याउलट उदाहरणही आपल्याच गावचे. विसाव्या शतकाच्या आरंभीचे गॅझेटियर बीडची ख्याती सांगते ती चामड्याच्या छागलांसाठी आणि गुप्त्यांसाठी. छागल म्हणजे प्रवासात पाणी नेण्याची पिशवी. गुप्ती म्हणजे काठीत लपविलेले पाते. इंग्रजांच्या गॅझेटियरला जी गोष्ट दखल घेण्याजोगी वाटली, ती आपल्या महाविद्यालयाच्या एखाद्या कपाटात असायला नको काय? छागलीचे चामडे कसे कमवीत, शिवण कशी घालीत की थेंब गळू नये, हे सांगणारा माणूस आज कोठे शोधायचा?

आता ते तीन आक्षेप. 'रिकामपणाचा उद्योग' हा पहिला. त्याचे उत्तर दोन माणसांत आहे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याचे एक दिवाण म्हणजे तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान. त्यांनी जगभरच्या वस्तू जमविल्या. त्यांच्या निधनानंतर १९५१ मध्ये त्यांचे संग्रहालय हैदराबादला उघडले. ते सरदार होते, पैसा होता. पण पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर सरदार नव्हते. चष्म्याचा व्यवसाय सांभाळून, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहून, त्यांनी १९२० च्या सुमारापासून वस्तू गोळा केल्या. आणि कोणत्या? दिवे, कुलपे, फण्या, वज्र्या, दौती, हुक्के, आणि अडकित्ते! तलवारी-तसबिरींच्या मागे जग धावत असताना त्यांनी स्वयंपाकघर आणि माजघर जमविले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये हजारो वस्तूंचा तो संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. याला कोणी रिकामपणाचा उद्योग म्हणणार असेल, तर असे रिकामे लोक प्रत्येक जिल्ह्याला एकेक मिळोत.

दुसरा आक्षेप गुलामगिरीचा. परक्याची वस्तू जपण्यात गुलामगिरी नाही. परक्याची वस्तू जपावी आणि स्वतःची मोडीत घालावी, यात मात्र ती आहे. दिवाणखान्यात इंग्रजी पाइप काचेच्या पेटीत आणि माळ्यावर आजोबांचा पानाचा डबा झुरळांच्या स्वाधीन, असे घर दिसले तर त्या घरातल्या छंदाला मी संग्रह म्हणणार नाही. ती नुसती मिरवणूक.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि त्यापुढे मान तुकवूनच पुढे जावे लागते. तंबाखूने माणसे मरतात. डॉल आणि हिल या शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जाहीर इशारा दिला. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा समजही खोटा आहे. ओठ, जीभ, घसा यांना तो सोडत नाही. आणि आपल्याकडची आग तर बिनधुराची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. त्यात ओढणारे होते ३.८ टक्के आणि खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे होते २४.४ टक्के. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला भूक मारायला तंबाखू लागते. बायका मिश्री लावतात. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. शाळा-कॉलेजांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्री करू नये असा २००३ च्या कायद्याचा दंडक आहे. त्या अंतराची दोरी कोणी खरोखरच धरून पाहावी.

मग अशा जिल्ह्यात अडकित्ता आणि चिलीम जपायची काय म्हणून? म्हणूनच जपायची, असे माझे उत्तर आहे. मात्र अट एक : खरी नोंद ठेवायची. नुसती चांदीची कडी दाखवून ओठाचा कर्करोग लपविणारा संग्रह खोटा. चंचीशेजारच्या चिठ्ठीवर 'नक्षीदार, हातशिलाई' एवढेच लिहू नये. 'ही वापरणाऱ्या आजीला तोंडाचा आजार झाला होता' असे घरचे सांगत असतील, तर तेही लिहावे. जुन्या तलवारी जपल्याने खून वाढत नाहीत. तलवारीने काय केले ते विसरल्याने वाढू शकतात. शिवाय चकचकीत पुडीला चंचीसारखे काही नाही. तिच्यात ना कारागिरी, ना सोबत, ना कोणाची शिलाई. चंची सोडविताना चार माणसे बसत, बोलत. पुडी एकट्याने फाडून तोंडात ओतता येते. व्यसन तेव्हाही वाईटच होते, पण त्याभोवती माणसांचे काहीतरी चांगले जमलेले होते. व्यसन टिकले आणि चांगले ते गेले, असा उलटा हिशेब आपण केला. चांगले काय होते ते कळण्यासाठी तरी वस्तू समोर हवी.

तर आता करायचे काय? पैसा लागत नाही, कपाटही लगेच लागत नाही. लागते एक जाड वही. इतिहास आणि मराठी या दोन विभागांनी मिळून ती ठेवावी. दिवाळीच्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या, नाही तर शेजारच्या, एका जुन्या वस्तूची नोंद करून आणावी. वस्तू आणू नये; नोंद आणावी. वस्तू ज्याची त्याच्याच घरी राहू द्यावी, कारण संग्रहाच्या नावाने म्हाताऱ्या माणसांच्या घरातून वस्तू उचलणे ही सुसंस्कृत चोरीच होय. नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात : घरात तिला काय म्हणतात, तिच्या प्रत्येक भागाला काय म्हणतात, कोणी घडविली, कोणत्या गावच्या बाजारातून आली, कोणी वापरली, केव्हा वापरायची थांबली आणि का, सांगणाऱ्याचे वय आणि गाव. आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला फोन आहे. त्याने वस्तूचे चार बाजूंनी छायाचित्र घ्यावे, आणि सांगणारी आजी तयार असेल तर तिचा आवाजही घ्यावा. चिंच लावून लखलखीत करण्याचा उत्साह मात्र आवरावा. हातांनी झिजलेली जागा हाच तिच्यावरचा शिक्का आहे.

आणखी एक व्यावहारिक सूचना. दारावर येणारा जुन्या वस्तूंचा व्यापारी 'पितळ आहे, वजनावर घेतो' म्हणतो तेव्हा त्याला किंमत ठाऊक असते आणि आपल्याला नसते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलाकारागिरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात, आणि त्या परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाहीत. हे घरोघर सांगणे हीदेखील समाजसेवाच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ता साफ करतो, झाडे लावतो. त्याच गावात एका संध्याकाळी ओसरीवर बसून दहा म्हाताऱ्यांशी बोलता येणार नाही काय?

कोणी म्हणेल, शंभर नोंदी झाल्या तर काय होणार? एवढेच होईल की शंभर वस्तू मुक्या राहणार नाहीत. पुढे कधी जिल्ह्याचे संग्रहालय झाले, तर त्याच्या पायात घालायला दगड असतील. आणि नाही झाले, तरी मराठीतले शे-दोनशे शब्द, चार कारागिरांची नावे आणि काही बायकांच्या आयुष्याच्या हकिकती वहीत राहतील. लंडनच्या कारागिराने आपल्या पाइपवर नाव घातले. त्याचे काम त्याने केले. आपल्या लोहाराने, कुंभाराने, चंची शिवणाऱ्या बाईने नाव घातले नाही. ते घालण्याचे काम लिहितावाचता आलेल्या पहिल्या पिढ्यांवर, म्हणजे आपल्यावर, येऊन पडले आहे.

दिवाळीच्या सुटीला फार दिवस उरलेले नाहीत. वही घ्या.